पावसाचे माप आणि रडारची नजर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा आलेख)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर गायक, नाटककार, साहित्यिक यांनी बोलावे आणि आमच्यासारख्याने श्रोत्यांत बसून दाद द्यावी, हाच आजवरचा शिरस्ता. तो मोडून मंडळाने आम्हांला बोलावले, त्याचे कारण एका प्रश्नात आहे. डिसेंबर २०१५ च्या पुरानंतर मंडळाच्या वास्तूत मदतीचे सामान बांधण्याचे काम चालले होते. आपल्यातील एक ज्येष्ठ भगिनी, ज्यांनी पुराची ती रात्र शेजाऱ्यांच्या माडीवर उभ्याने काढली होती, चादरींच्या घड्या घालता घालता आम्हांला म्हणाल्या, "अहो, तुमचे ते रडार शहरातच आहे ना? मग त्याला एवढा पाऊस दिसला नाही का?"

आमचे बरेचसे आयुष्य हवामानाच्या आकडेमोडीत गेले. तरीही त्या क्षणी आम्ही जे उत्तर दिले ते धड नव्हते. "दिसला, पण किती ते नेमके सांगता येत नाही," असे काहीसे आम्ही पुटपुटलो. त्यांनी मान हलविली आणि पुढची चादर उचलली. ते अपुरे उत्तर आज पुरे करावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रारंभी पावसाच्या मापाविषयी दोन शब्द. पाऊस मोजण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठाराच्या ठिकाणी एक अरत्नी रुंद तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आहे, आणि निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाची मापे द्रोणांत दिली आहेत. गोदाकाठच्या अश्मक देशाला साडेतेरा द्रोण, अवंतीला तेवीस द्रोण; आणि अपरांताचा, म्हणजे आपल्या कोकणाचा, पाऊस मात्र अमित, मापापलीकडचा म्हटला आहे. कोकणात आषाढ काढलेल्या कोणासही हे विधान अतिशयोक्तीचे वाटणार नाही. पावसाचे माप कोठाराजवळ का, तर पिकाचा आणि साऱ्याचा हिशेब त्यावर बसवायचा म्हणून. माप हे राज्यकारभाराचे साधन होते. आजही आहे, फक्त आज त्यावर पिकाबरोबर धरणाचे दरवाजे, रेल्वेची वाहतूक आणि नदीकाठच्या वस्त्यांचे प्राणही अवलंबून आहेत.

कौटिल्याच्या कुंडाचा वारसा आजच्या पर्जन्यमापकाने चालविला आहे. आपल्याकडील साध्या पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे असते, साधारणतः एखाद्या जेवणाच्या ताटलीएवढे. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी मोजले जाते. हे माप प्रामाणिक आहे, परंतु ते त्या ताटलीपुरते आहे. एक चौरस किलोमीटर म्हणजे अशा पाच कोटी ताटल्यांचे क्षेत्र. एका ताटलीतील पाण्यावरून पाच कोटी ताटल्यांचा हिशेब सांगणे, ही पर्जन्यमापकाची मर्यादा आहे.

ही मर्यादा किती महाग पडू शकते, हे आपण दोनदा पाहिले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच काळात वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्याला अवघा ७४ मिलिमीटरच्या आसपास. कुलाब्याचा आकडा पाहणाऱ्याला मिठी नदीची कल्पना येणे शक्यच नव्हते. दहा वर्षांनी आपल्या चेन्नईत, २ डिसेंबर २०१५ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत, तांबरमला ४९ सेंटिमीटर, चेंबरंबाक्कमला ४७, विमानतळाशी सुमारे ३५ आणि नुंगंबाक्कमला २९ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. एकाच शहरात, एकाच दिवशी, वीस सेंटिमीटरचा फरक. दोन मापकांच्या मधल्या जागेत काय झाले, ते मापक सांगू शकत नाही.

येथे रडार पुढे येते. दुसऱ्या महायुद्धात विमाने शोधण्यासाठी रडार वापरात आले, तेव्हा पावसाचे ढग पडद्यावर उगाच उमटतात अशी तंत्रज्ञांची तक्रार होती. युद्ध संपता संपता काहींच्या ध्यानी आले की ही अडचण हेच एक साधन आहे. कॅनडातील मार्शल आणि पामर या शास्त्रज्ञांनी १९४८ साली पावसाच्या थेंबांच्या आकारांचे वितरण मांडले, आणि प्रतिध्वनीवरून पाऊसमान काढण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्या देशात पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणम येथे १९७० साली चक्रीवादळे शोधणारे रडार बसले. चेन्नईत २००२ साली बंदराच्या शताब्दी इमारतीवर डॉप्लर रडार कार्यान्वित झाले. किनाऱ्याकडे जाताना तो पांढरा घुमट आपण सर्वांनी पाहिला आहे.

रडारची नजर दूरवर जाते, शेकडो किलोमीटरपर्यंत, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी ते संपूर्ण आकाशाचे चित्र काढते. मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की रडार पाऊस मोजत नाही. ते प्रतिध्वनी मोजते. आकाशात सोडलेल्या विद्युत्‌चुंबकीय लहरींपैकी किती शक्ती थेंबांवरून परत आली, एवढेच त्याला कळते. त्यावरून पाऊस किती, हे आपण अनुमानाने काढतो. दाराआडून पावलांच्या आवाजावरून पाहुणे किती आले ते ओळखावे, तसा हा प्रकार आहे. एक धिप्पाड पाहुणा आणि चार मुले यांचा आवाज सारखाच होऊ शकतो.

हा दृष्टान्त केवळ गमतीचा नाही. थेंबाचे पाणी त्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात असते, परंतु त्याचा प्रतिध्वनी व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असतो. चार मिलिमीटरच्या एका थेंबात एक मिलिमीटरच्या चौसष्ट थेंबांएवढे पाणी असते. परंतु त्याचा प्रतिध्वनी तशा ४,०९६ थेंबांएवढा असतो. म्हणजे मोजक्या मोठ्या थेंबांची वळवाची सर रडारला भयंकर भासते, आणि असंख्य बारीक थेंबांचा, धो धो कोसळणारा समुद्राकडचा पाऊस त्याला मध्यम वाटतो. आकडाच घ्यावयाचा तर असा. मार्शल-पामर यांच्या प्रचलित सूत्रात परावर्तकता ही पाऊसमानाच्या १.६ व्या घाताच्या २०० पट धरतात. उष्ण कटिबंधातील पावसासाठी दुसरे एक सूत्र वापरतात, त्यात १.२ वा घात आणि २५० पट असते. रडारच्या पडद्यावर पन्नास डेसिबलचा प्रतिध्वनी उमटला, तर पहिले सूत्र तासाला सुमारे ४९ मिलिमीटर पाऊस सांगते आणि दुसरे सुमारे १४७. ढग तोच, प्रतिध्वनी तोच. उत्तरात तिपटीचा फरक. कोणते सूत्र खरे? त्या दिवशी आकाशात कोणते थेंब होते, त्यावर ते अवलंबून आहे.

ही पहिली अडचण. दुसरी अडचण पृथ्वी गोल असल्याची. रडारची शलाका सरळ जाते आणि जमीन तिच्याखालून वळत जाते. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेली शलाका शंभर किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असते, आणि दोनशे किलोमीटरवर चार किलोमीटरहून अधिक उंचीवर. शिवाय ती पसरतही जाते. एक अंश रुंदीची शलाका दोनशे किलोमीटरवर साडेतीन किलोमीटर जाड होते. म्हणजे दूरच्या गावी रडार जमिनीवरचा पाऊस पाहतच नाही. ढगाच्या वरच्या मजल्यावरचा पाहते. तेथून खाली येताना थेंब वाढतात, आटतात, वाऱ्याने भरकटतात. दीड किलोमीटर उंचीवरचा थेंब जमिनीवर यायला चार-एक मिनिटे लागतात. तेवढ्यात सेकंदाला दहा मीटरचा वारा त्याला अडीच किलोमीटर दूर नेतो. रडारने ज्या गावावर पाऊस पाहिला, तो पुढच्या गावात पडतो.

आपल्या सह्याद्रीत तर ही अडचण अधिकच जाचक आहे. घाटमाथ्यावरचा पावसाळी पाऊस पुष्कळदा बुटक्या ढगांतून पडतो. ढग खाली आणि शलाका वर, अशी चुकामूक होते. डोंगराने शलाका अडली तर पलीकडची बाजू अंधारात राहते. जेथे पाऊस अमित, नेमकी तेथेच रडारची नजर अधू पडते.

तिसरी अडचण वितळत्या हिमाची. आपल्या अक्षांशांत साडेचार-पाच किलोमीटर उंचीवर हिमकण वितळून थेंब होतात. वितळताना हिमकणावर पाण्याचे पातळ आवरण येते आणि तो रडारला मोठ्या थेंबासारखा दिसतो. पडद्यावर तेथे एक तेजस्वी पट्टा उमटतो आणि नसलेला पाऊस दाखवितो. त्याहून वरचे कोरडे हिम मात्र फारच फिके दिसते आणि असलेला पाऊस लपविते.

चौथी अडचण मार्गातल्या पावसाची. कमी तरंगलांबीच्या रडारची शक्ती वाटेतच पावसात मुरते. जवळच्या सरीआड दूरची सर लपते. तीन सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारला हा दोष फार, पाच सेंटिमीटरच्या रडारला कमी, दहा सेंटिमीटरच्या रडारला नगण्य. परंतु खुद्द घुमटावर पाण्याचा थर साचला की आखूड लहरींचे रडार चहूकडे मंदावते. आणि रडार फार उंच कोनात मान वर करीत नसल्यामुळे त्याच्या अगदी डोक्यावरचा ढग त्याला पुरता दिसत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, दिव्याखाली अंधार. त्या भगिनींच्या "शहरातच आहे ना?" या प्रश्नात असे गृहीत होते की जवळ असले म्हणजे अधिक दिसते. ते नेहमीच खरे नसते.

याखेरीज इमारती, टेकड्या, समुद्राच्या लाटा यांचे प्रतिध्वनी पावसात मिसळतात. डॉप्लर रडार हलत्या वस्तूचा वेग ओळखते, म्हणून स्थिर वस्तू वगळता येतात; परंतु रडारला आडवा जाणारा पाऊसही त्याला स्थिर भासतो, आणि चाळणीत कोंड्याबरोबर थोडे पीठही जाते. शेवटी, यंत्राचे स्वतःचे माप बिघडते. अंशशोधनात केवळ तीन डेसिबलची चूक राहिली, तर पावसाच्या आकड्यात दीडपटीहून अधिक फरक पडतो.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, मग या यंत्राचा उपयोग काय? आम्ही येथेच थांबलो तर तो यंत्रावर अन्याय होईल. गेल्या काही दशकांत यांपैकी प्रत्येक दोषावर उपाय शोधले गेले, आणि त्यांचा क्रमही ठरून गेला आहे.

पहिले पाऊल यंत्राच्या अंशशोधनाचे. सूर्यापासून येणाऱ्या सूक्ष्मलहरींची तीव्रता ठाऊक असते. तिच्या आधारे रडारचा ग्राहक आणि त्याची दिशा तपासता येते. शेजारच्या दोन रडारांना एकच ढग दिसत असेल तर त्यांचे आकडे जुळले पाहिजेत. आणि १९९७ साली अवकाशात गेलेल्या व २०१५ पर्यंत चाललेल्या 'ट्रम' उपग्रहावर, तसेच २०१४ साली सोडलेल्या 'जीपीएम' उपग्रहावर पाऊस पाहणारी रडारे बसविली गेली. एकच फिरता मापदंड देशोदेशींच्या रडारांवरून जाऊ लागला. व्यापाऱ्यांची वजने तपासायला एकच निरीक्षक गावोगाव फिरावा, तसे हे आहे.

दुसरे पाऊल चित्र स्वच्छ करण्याचे: जमिनीचे प्रतिध्वनी काढणे, अडलेल्या दिशांची भरपाई करणे, वाटेत मुरलेली शक्ती जमेस धरणे. तिसरे पाऊल उंचीच्या दुरुस्तीचे. रडारच्या जवळच्या पट्ट्यात एकाच ढगाचे खालपासून वरपर्यंत अनेक छेद मिळतात. त्यांवरून उंचीप्रमाणे प्रतिध्वनी कसा बदलतो त्याचा आलेख काढतात, आणि दूर जेथे फक्त वरचा मजला दिसतो, तेथे तळमजल्यावर काय असेल याचा अंदाज बांधतात. तेजस्वी पट्ट्याची फसवणूकही याच मार्गाने कमी होते.

चौथे पाऊल आमच्या मते सर्वांत मोलाचे. आपण चित्रांत पावसाचा थेंब आसवासारखा, वर निमुळता काढतो. खरा थेंब तसा नसतो. लहान थेंब गोल असतो. मोठा थेंब पडताना हवेच्या दाबाने खालून चपटा होतो, बनपावासारखा. या चपटेपणाचा उपयोग करून घेण्यासाठी रडार दोन प्रकारच्या लहरी सोडते, एक आडव्या ध्रुवणाची आणि एक उभ्या. आडवी लहर चपट्या थेंबावरून अधिक परावर्तित होते. दोन प्रतिध्वनींतील फरकावरून थेंब किती मोठे ते कळते. पाहुण्यांच्या पावलांवरून ते थोर की लहान हे आता ओळखता येऊ लागले.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. चपट्या थेंबांतून जाताना आडवी लहर उभीपेक्षा किंचित मागे पडते. दोघींतील हे अंतर, म्हणजे कलेतील फरक, दर किलोमीटरला किती वाढतो हे मोजले की पाऊसमान निघते, आणि ते पुष्कळसे सरळ प्रमाणात निघते. हा फरक काळाचा आहे, शक्तीचा नाही. म्हणून यंत्राचे अंशशोधन चुकले तरी तो चुकत नाही, वाटेत शक्ती मुरली तरी बिघडत नाही, शलाका अर्धवट अडली तरी टिकतो. गारा गडगडत, उलटसुलट होत पडतात, म्हणून त्यांचाही त्यावर फारसा प्रभाव पडत नाही. हलक्या पावसात हे माप फार थरथरते, तेथे जुनीच रीत बरी. परंतु मुसळधार पावसात, म्हणजे जेथे प्राणांचा प्रश्न असतो तेथे, ते सर्वांत भरवशाचे ठरते. अमेरिकेने आपल्या सुमारे १६० रडारांच्या जाळ्यात ही सोय २०१३ पर्यंत पुरी केली. आपल्या देशातही नव्या रडारांत ती येत आहे. जानेवारी २०२२ मध्ये लेह, दिल्ली, मुंबई आणि चेन्नई येथे चार नवी रडारे देशाला अर्पण झाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'मिशन मौसम' योजनेत रडारांचे जाळे दाट करण्याचे उद्दिष्ट आहे.

पाचवे पाऊल वेळेच्या हिशेबाचे. दर दहा मिनिटांनी चित्र काढले आणि ढग ताशी चाळीस किलोमीटरने धावत असला, तर दोन चित्रांच्या मध्ये तो साडेसहा किलोमीटर पुढे गेलेला असतो. दोन्ही चित्रे नुसती बेरजेत धरली तर मधली गावे कोरडी ठरतात. म्हणून ढगाची गती ओळखून मधली चित्रे गणिताने भरावी लागतात.

आणि शेवटचे पाऊल पुन्हा त्या ताटलीकडे नेणारे आहे. इतके सारे सुधारूनही रडारचा आकडा जमिनीवरच्या मापकाशी ताडून पाहावाच लागतो. समजा, पाच मापकांत मिळून २०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच पाच जागी रडारने १२५ सांगितला. म्हणजे रडार कमी सांगते आहे. त्याच्या आकड्यांना १.६ ने गुणावे. ही ढोबळ दुरुस्ती झाली. परंतु चूक सर्वत्र सारखी नसते; जवळ थोडी, दूर अधिक. म्हणून प्रत्येक मापकाशी झालेला फरक काढून तो मधल्या जागेत सांख्यिकीच्या रीतीने पसरवितात. आकार रडारचा, परिमाण मापकाचे, असा हा संगम आहे. अडचण एवढीच की मापक पुरेसे हवेत, आणि त्यांचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे, तर त्याच तासाला हवा.

मापकही चुकतो, हे सांगितले पाहिजे. वाऱ्यात थेंब तोंडावरून निसटतात. नरसाळ्यात पाने अडकतात. नोंद करणारा माणूस असतो. परंतु माणसाला चटकन दोष देऊ नये, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याचा आकडा शेजारच्या सर्व ठिकाणांपेक्षा तिपटीने मोठा आला. दशांशचिन्ह चुकले असेल असे ठरवून आम्ही तो तांबड्या शाईने खोडला. त्या काळी आमच्या हाताशी रडारचे चित्र नव्हते. आठवड्याने बातमी आली की त्याच रात्री तेथील ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता. आकडा बरोबर होता. तो नोंदणारा शिपाई कंदील घेऊन भर पावसात मापकाशी गेला होता. आम्ही मात्र कोरड्या खोलीत बसून त्याला खोटे ठरविले होते. ती तांबडी रेघ आम्ही आजवर विसरलेलो नाही. रडार आणि मापक एकमेकांचे साक्षीदार असतात तेव्हाच अशा चुका टळतात.

आता, आकडा थोडा चुकला तर बिघडले काय, असेही कोणी विचारील. त्यासाठी चेंबरंबाक्कमचाच हिशेब मांडू. त्या तलावाची क्षमता ३,६४५ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे १०.३ कोटी घनमीटर. समजा, पाणलोटात तीनशे चौरस किलोमीटरवर १६ सेंटिमीटर पाऊस पडला, आणि आपला अंदाज १० सेंटिमीटरचा होता. सहा सेंटिमीटरची ही चूक म्हणजे १.८ कोटी घनमीटर पाणी, तलावाच्या क्षमतेच्या सहाव्या भागाहून अधिक. जमीन आधीच भिजून तुडुंब झालेली असेल, जशी २०१५ च्या नोव्हेंबरनंतर होती, तर त्यातील बहुतेक पाणी तलावाकडे धावते. दरवाजे दुपारी थोडे उघडायचे की रात्री एकदम पुष्कळ, हा निर्णय त्या सहा सेंटिमीटरवर ठरू शकतो. अडयारच्या काठी राहणाऱ्याच्या दृष्टीने तो दिवसा घर सोडणे आणि रात्री माडीवर उभे राहणे यांतला फरक आहे.

येथे एक खुलासा करतो. नुसते रडार अचूक झाले असते तर तो पूर टळला असता, असे आमचे म्हणणे नाही. पाऊस किती पडला हे कळणे वेगळे, किती पडेल हे कळणे वेगळे, आणि कळल्यावर योग्य वेळी योग्य निर्णय होणे आणखी वेगळे. नदीच्या पात्रात घरे उभी राहिली असतील तर अचूक आकडाही हतबल होतो. परंतु पहिलीच पायरी डळमळीत असेल, तर वरच्या पायऱ्यांवर उभे कसे राहावे? आणि जो आकडा द्यावयाचा, तो त्याच्या चुकीच्या मर्यादेसह द्यावा, हेही नव्या शास्त्राने मान्य केले आहे. 'दहा सेंटिमीटर' म्हणण्यापेक्षा 'आठ ते सोळा' असे सांगणे अधिक प्रामाणिक आहे, आणि धरणाच्या अभियंत्याला अधिक उपयोगीही आहे. तो सोळाची तयारी ठेवतो.

म्हणून त्या भगिनींना द्यावयाचे उत्तर आज असे देतो. रडारला पाऊस दिसत होता. परंतु जे दिसते त्याचे माप करावयाला एका यंत्राची नजर पुरत नाही. तिला दुसऱ्या ध्रुवणाची, शेजारच्या रडाराची, उपग्रहाची आणि जमिनीवरच्या पुष्कळ साक्षीदारांची जोड लागते. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी सरकारच्या आणि शास्त्रज्ञांच्या हातातल्या आहेत. चौथी मात्र आपल्याही हातातली आहे.

आणि या ठिकाणी आम्ही मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवतो. आपल्या सभासदांची घरे उत्तरेला मनलीपासून दक्षिणेला तांबरमपर्यंत पसरलेली आहेत. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करताना हे अंतर पायांना चांगले जाणवते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने यांपैकी काही घरी साधे पर्जन्यमापक बसवावेत. खर्च फार नाही. काळजी मात्र हवी. मापक मोकळ्या जागी असावा. शेजारच्या भिंतीच्या वा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा. त्याचे तोंड पातळीत असावे. आणि नरसाळे दर आठवड्याला पुसावे. नोंद रोज सकाळी साडेआठला, आणि मोठ्या पावसात दर तासाला. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. चाळीस-पन्नास घरांच्या अशा नोंदी दोन-चार पावसाळे नेटाने ठेवल्या गेल्या, तर त्यांच्याशी रडारचे आकडे ताडून पाहायला कोणताही अभ्यासक आनंदाने येईल.

आपण महाराष्ट्रातून येथे आलो तेव्हा एक गोष्ट आपल्याला विचित्र वाटली होती. तिकडे हस्त संपला, दिवाळी आली की पाऊस आटोपतो. येथे दिवाळीच्या फटाक्यांवरच पाऊस येतो. पन्नास वर्षांत त्या पावसाशी आपली सोयरीक जडली आहे. त्याचे लाड आपण केले आहेत आणि त्याचा कोपही सोसला आहे. सोयऱ्याचा हिशेब ठेवणे हे आपल्या माणसांना काही नवे नाही.

पहिले मापक त्या भगिनींच्या गच्चीवर बसवावे, अशी आमची विनंती आहे. त्यांना आम्ही विचारले आहे. त्या म्हणाल्या, "बसवा, पण वही तुम्ही आणा." वही आम्ही आणली आहे. कार्यक्रम संपल्यावर ती अध्यक्षांच्या स्वाधीन करू.